सोबतीला धाकटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे. तिथे काउंटरवर बसून, कॉलरवरचा डाग दाखवत गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावणारी बाई म्हणजे माझी मावशी. एके काळी हिच्याशिवाय शहरातली एकही बडी पार्टी रंगत नसे, हे सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतात.

आजोबांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. गाडीतून जायचं, गाडीतून यायचं. बसचं तिकीट कसं काढतात हे तिला तिशीत शिकावं लागलं. आणि कुठेही जायचं तर सोबतीला धाकटी बहीण हवीच, हा घरचा कायदा.

अशाच एका पार्टीत तिला यॉटवाला भेटला. पांढरीशुभ्र यॉट; चालवायला चार माणसं, मिरवायला हा एकटा. मावशी त्याच्यावर जीव ओवाळून टाकायची. दर रविवारी समुद्रात फेरी व्हायची, सोबतीला अर्थात धाकटी. लाकडी डेकवर ओरखडे नकोत म्हणून पायातलं धक्क्यावरच्या टोपलीत काढून अनवाणी चढायचं, असा तिथला नियम. यॉट हलली की मावशीला मळमळायचं. ती खाली केबिनमध्ये डोळे मिटून पडायची आणि धाकटीला म्हणायची, "तू बस गं वर त्यांच्याशी बोलत. एकटे कंटाळतील."

कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

तो लग्नाचं बोलायला घरी येणार होता, त्या सकाळी मावशीला राहवेना. धाकटी मैत्रिणीकडे गेली होती. मावशी जन्मात पहिल्यांदा एकटी बाहेर पडली आणि धक्क्यावर पोचली. यॉट दूर समुद्रात होती. टोपलीत त्याचे बूट होते, आणि त्यांना टेकून सोनेरी पट्ट्यांचे सँडल. मावशीचेच. "घालून जा, तुला छान दिसतात," म्हणून आदल्या दिवशी तिनेच धाकटीला दिले होते.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे तो आला आणि त्याने धाकटीला मागणी घातली. एवढा श्रीमंत जावई हातचा जायला नको म्हणून आजोबाही हो म्हणाले. मावशीने त्याच आठवड्यात घर सोडलं. ती धाकटी म्हणजे माझी आई, आणि तो यॉटवाला माझे वडील. मला दोघांचाही राग येतो, अजून.

गेल्या वर्षी वडिलांनी आईलाही सोडलं; आता यॉटवर तिसरीच कोणी असते. आई मला घेऊन लाँड्रीत गेली. गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर डोकं टेकून रडली.

"ताई, मी कुठे जाऊ गं?"

मावशीने हातातला शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

"आधी माझे सँडल दे."

आईने डोळे पुसले. "ते कधीच फेकून दिले."

"तरी दे," मावशी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कपडे घ्यायला तिने हात पुढे केला.