राखाडी टोपणाची नळी

सुईबाईंचा हात हलका, जीभ मात्र अजिबात नाही. एकतीस वर्षं रक्ततपासणी केंद्रात लोकांना टोचून टोचून त्यांना हे नाव पडलं होतं. भलेभले गडी सुई बघून पांढरेफटक पडत, तेव्हा त्या म्हणत, "डोळे मिटा, आईची आठवण काढा. झालंसुद्धा!"

घरात मात्र त्यांचं चालेना. चार वर्षांच्या नातीच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे डाग आले होते. कीड लागायची ती सुरुवात. दातांच्या डॉक्टरांनी फ्लोराइडची पेस्ट दिली, पण सूनबाईंनी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि ती उचलून कपाटावर ठेवली. "अहो आई, गिळू नये असं लिहिलंय. लेकराच्या तोंडात विष नाही घालायची मी."

वाद घालून घसा कोरडा करण्यात अर्थ नव्हता. शनिवारी सुईबाईंनी सुनेला केंद्रातच नेलं. स्वतःचा दंड पुढे करून सहकारिणीकडून रक्त काढून घेतलं, दोन नळ्यांत भरलं. एक लाल टोपणाची, साधी. दुसरी राखाडी टोपणाची. लगेच मोजली तेव्हा दोन्हींत साखर भरली एकशे आठ. पाच तासांनी पुन्हा मोजली, तर राखाडीत एकशे तीन आणि लालमध्ये एकोणऐंशी!

"अगंबाई, साखर गेली कुठे?" सून म्हणाली.

"पेशींनी खाल्ली. नळीत भरल्या म्हणून मरतात होय? साखर फोडायला त्यांच्याकडे एन्झाइम असतात, एकानं काम करून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. राखाडी नळीत चिमूटभर फ्लोराइड असतं. ते त्यातल्या एकाचा हात धरून ठेवतं, की पुढचं सगळं अडलं. तोंडातल्या जंतूंचंही तेच. गोड मिळालं की फोडतात, त्याचं आम्ल होतं, आणि आम्ल दात खातं. फ्लोराइडनं ते आम्ल कमी होतं, वर दातही टणक होतो. गिळायचं नाही, हे तुझं खरं. वाटाण्याएवढी घ्यायची, घासून थुंकायची."

सुनेनं राखाडी नळी उचलून उजेडात धरली. "आई, ही राखाडी नळी तुम्ही कधीपासून वापरताय?"

"नोकरीच्या पहिल्या दिवसापासून."

"मग यांचे दात?"

सुईबाईंच्या डोळ्यांपुढे मुलगा आला. त्याचे दात बाराव्या वर्षीच काळे पडून किडले होते. अजूनही तो तोंडावर हात धरूनच हसायचा. आई कामावर जाताना त्यानं रडू नये म्हणून त्याच्या खिशात गोड गोळ्या कोण भरायचं? त्याच भरायच्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! साऱ्या जगाची साखर राखली गं मी. घरी हे कधी डोक्यातच आलं नाही." त्यांना रडू आवरेना. सुनेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी कपाटावरची पेस्ट खाली आली. सुनेनं मोजून वाटाण्याएवढी घेतली, नातीनं दात घासले आणि ती आरशावरच थुंकली. दारात उभा असलेला मुलगा हसला, सवयीनं तोंडावर हात ठेवून.

सुईबाईंनी दुसरी नवीकोरी पेस्ट त्याच्यापुढे धरली.

"मला कशाला आता, आई?"

"उरलेत ना अजून काही? आण तो ब्रश."