डोक्यावर कोणाचा हात

हरिहर भिंगारदिव्यांना मी भाऊ म्हणते. पण माझा सख्खा भाऊ इतका हट्टी असता तर मी माहेरी जाणंच सोडलं असतं. रेल्वेत इंजिनियर होते, निवृत्तीनंतर लखनऊच्या आलमबागेतच राहिले, आमच्या शेजारी. मूळचे नगरचे ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत मराठी उपासना असते. छावणीतून दोन-तीन फौजी कुटुंबं येतात, बख्शी का तालाबच्या तळावरून एअरफोर्सची पोरं येतात, आणि मी जाते. मी साताऱ्याची, हिंदू. पण लखनऊत फुकटात दोन तास मराठी कानावर पडत असेल तर मी कुठेही जाऊन बसेन.

गाणी, वाचन, प्रार्थना, मग पोहे. प्रभुभोजन मात्र नाही. म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर मोडून सगळ्यांना द्यायची आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, ते. त्याला लीलावहिनींची, म्हणजे भाऊंच्या बायकोची, बंदी होती.

भाऊंचं घराणं नगरच्या अमेरिकन मिशनचं. त्यांच्यात बिशपची भानगडच नव्हती. चार माणसं देवाच्या नावाने जमली की झाली मंडळी. लीलावहिनींचं माहेर इंग्रज मिशनचं. त्यांच्या लेखी, ज्याच्या डोक्यावर बिशपने हात ठेवला त्यानेच भाकर मोडायची. त्या बिशपच्या डोक्यावर आधीच्या बिशपचा हात, त्याच्या डोक्यावर त्याच्या आधीच्याचा, असं मागे मागे थेट येशूचा पट्टशिष्य पेत्र, त्याच्यापर्यंत, आणि पेत्रावर खुद्द येशूचा. आमच्यात सोयरीक जुळवताना गोत्र विचारतात, तशा वहिनी चर्चच्या नव्या पाळकाला, म्हणजे पुरोहिताला, हात विचारायच्या. सत्तर साली ह्या दोन्ही मंडळ्या एक झाल्या. ह्यांचं लग्न शहात्तरचं, पण घरातली मंडळी काही एक झाली नाही.

"तुमच्या डोक्यावर कोणाचा हात आहे?" वहिनी भर उपासनेत विचारायच्या.

"आईचा होता. तू आलीस आणि तिने काढून घेतला," भाऊ म्हणायचे. फौजी पोरं हसायची, आणि पोहे यायचे.

गेल्या पावसाळ्यात वहिनींच्या यकृतात गाठ निघाली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी हात टेकले, फार तर पंधरा दिवस म्हणाले. वहिनींनी एकच मागणं मागितलं: प्रभुभोजन. रीतसर हाताचं, आणि मराठीत. "हिंदीत रोटी म्हणतात हो. रोटी म्हटलं की मला बसअड्ड्याजवळचा ढाबा आठवतो."

नेमकी त्यांच्या चर्चच्या पाळकांची बदली झालेली, नवे महिन्याभराने येणार. मी भाऊंना बाजूला घेतलं. "तुम्हीच मोडा ना भाकर. ह्या हाताबिताला तुम्ही कुठे मानता?"

"मी नाही मानत," भाऊ म्हणाले. "पण खाणार ती आहे."

आणि जन्मभर ज्या साखळीची टिंगल केली, तिची एक कडी शोधायला हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्कूटरवर निघाला. मला त्या साखळीचाच राग आला होता. देवाच्या घरीही सरकारी कचेरीसारख्या इतक्या खिडक्या असतात, ते ह्या वयात कळलं.

कॅथलिक फादर भले गृहस्थ. चहा पाजला, प्रार्थनेला लगेच येतो म्हणाले. पण त्यांची भाकर त्यांच्याच लोकांना, इतरांना द्यायची तर वरून परवानगी आणावी लागते. किती दिवस लागतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मेथडिस्ट पाळक तर त्याच संध्याकाळी दारात हजर. वहिनींनी पडल्यापडल्या त्यांचं मूळ खणलं. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका साध्या पाळकाने, बिशप नसताना, दुसऱ्यांवर हात ठेवले, तिथून ह्यांची मंडळी निघाली. "कडी तुटलेली आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना लाडू खायला घातला. म्हणजे रोमवाल्या कॅथलिकांना वहिनींची साखळी मंजूर नाही, वहिनींना मेथडिस्टांची नाही, आणि नवऱ्याला कोणाचीच नाही.

शेवटी बख्शी का तालाबच्या पुढे, पेरूच्या बागेत, वहिनींच्याच मंडळीचे एक निवृत्त पाळक सापडले, पृथ्वीराज मसीह. वय नव्वद. साखळी शाबूत, पण हात कंपवाताने थरथर कापणारे. भाऊंनी त्यांना टॅक्सीत घालून आणलं.

"भैया, मराठी मुझे आती नहीं," ते म्हणाले. "आप पढ़िए, मैं हाथ रखता हूँ।"

भाऊंनी मराठी वाचलं, पाळकांनी भाकरीवर हात ठेवला. पण प्याला उचलला तसा द्राक्षरस ताटलीत हिंदकळला. भाऊंनी पुस्तक माझ्याकडे दिलं, पाळकांचं मनगट खालून घट्ट धरलं आणि प्याला वहिनींच्या ओठांपर्यंत नेला. वहिनी प्यायल्या. मी पुस्तक छातीशी धरून रडत होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

पाळक गेल्यावर भाऊंना राहवलं नाही. "लीला, पेत्राचा हात मी धरला म्हणून बरं. नाहीतर सगळं गादीवर सांडलं असतं."

वहिनी हसल्या, त्यांना खोकला आला. मग म्हणाल्या, "इकडे या. वाका." भाऊ वाकले. वहिनींनी आपला सुकलेला हात उचलला आणि त्यांच्या टकलावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"मी गेल्यावर पोरांना भाकर देत जा," त्या म्हणाल्या. "बिशपला सांगू नका."

नऊ दिवसांनी वहिनी गेल्या.

पुढच्या पहिल्या रविवारी सगळे जमले. टेबलावर पोह्यांच्या आधी एक झाकलेली ताटली होती. भाऊंनी फडकं काढलं. आत ज्वारीची भाकर, त्यांनीच थापलेली, कडा फाटलेल्या. मग एअरफोर्समधल्या आदेश नावाच्या, कोल्हापूरच्या आईबापांच्या पण इथेच वाढलेल्या पोराने, हळूच विचारलं, "अंकल, आपको अलाउड है क्या? मतलब, आपके सिर पर किसका हाथ है?"

वहिनींची खुर्ची रिकामी होती. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या टकलावरून एकदा हात फिरवला.

"आहे एकीचा," ते म्हणाले. "पण बिशपला सांगायचं नाही, अशी तिची ताकीद आहे."

आणि त्यांनी भाकर मोडली.