शालनवहिनींच्या टाचेखालची मॅट

दूर देशी शेतीचं शिक्षण घेताना वाटायचं, परत गेल्यावर माझ्या वाट्याला माती, पाणी, बियाणं असे मोठमोठे प्रश्न येतील. आंदर मावळातल्या आमच्या गावी परतले आणि वाट्याला आली पिकअपच्या पायाखालची मॅट!

आमच्या बायकांच्या गटाची ही पिकअप. दूध, भाजी आणि इंद्रायणी तांदूळ घेऊन रोज लोणावळ्याच्या हॉटेलांत जाते. चालवतात शालनवहिनी, माझ्या चुलतभावाची बायको. गाडीत रोज कोणी ना कोणी बसतं, काहीतरी सांडतं, कोणीतरी काहीतरी बोलून जातं. चिखल पाण्यानं धुता येतो, किस्से मात्र तसेच साचत राहतात. त्यातले हे फक्त मॅटचे.

* * *

वहिनी अंगानं लहानखुऱ्या. सीट पार पुढं ओढली तरी क्लचवर पाय ठेवला की टाच अधांतरी. गाडीबरोबर मिळालेली मॅट गुळगुळीत, त्यात पावसाळा. एकदा खिंडीच्या चढावर त्यांचा ओला पाय सटकला, गाडी बंद पडली आणि थोडी मागं आली. हँडब्रेक ओढून वहिनींनी ती जागच्या जागी धरली. नुकसान म्हणाल तर दुधाचा एक कॅन लवंडला, बस्स.

पण गटाच्या अध्यक्ष हौसामावशी हटून बसल्या. "पोरगी गुणाची हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण चढाला गाडी मागं येती. पुरुष ड्रायव्हर बघा."

पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता. घरी जाताना वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, गाडी गेली तर मी परत कंपनीत झाडू मारायला जाईन. मारीन की. पण सकाळी चावी फिरवताना जे वाटतं ना, ते झाडूत न्हाई."

मी त्याच दिवशी कंबर कसली.

* * *

माझी पहिली मॅट अर्थातच पर्यावरणपूरक. काथ्याची, जाडजूड, खरखरीत. पाय सटकण्याचा प्रश्नच नाही, असं मी सगळ्यांना पटवून दिलं, प्लास्टिकवर दोन शब्दही बोलले.

काथ्यानं पाणी प्यायलं ते प्यायलंच. त्यातच भाताच्या बियाण्याचं पोतं भिजू नये म्हणून पुढं पायाशी ठेवलेलं, ते थोडं सांडलं. काही दिवसांनी वहिनींनी मला गाडीपाशी बोलावलं. मॅटवर हिरवेगार कोंब डुलत होते.

"वन्सं, रोप झ्याक आलंय," वहिनी म्हणाल्या. "लावणी कवा करायची?"

हसून हसून मी फुटबोर्डवरच बसले. वहिनींनी मॅट उचलून सरळ बांधावर अंथरली. म्हणाल्या, "हिची जागा हीच हाय."

* * *

मग आम्ही लोणावळ्यात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चकचकीत मॅटा पसरल्या. सोनेरी शिलाई, मऊ गादी, वर मखमल. "एकदम लक्झरी, मॅडम. थार असो, पिकअप असो, शोभा येणार."

"शोभा आमी रविवारी बघू," वहिनी म्हणाल्या. "जरा पाणी द्या."

पाणी पिण्यासाठी मागितलं नव्हतं. वहिनींनी बाटली एकेका मॅटवर थोडी थोडी ओतली, चप्पल काढली, स्टुलावर बसल्या आणि अनवाणी पायानं नसलेला क्लच दाबायला लागल्या. दाब, सोड. पुढची मॅट. दाब, सोड. दुकानदार भिंतीला टेकून बघत राहिला.

चिक्कीच्या पिशव्या घेऊन चाललेली एक पर्यटक बाई दारात थांबली. "कसला व्यायाम आहे हो हा?"

"क्लचचा," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "गुडघ्याला लय चांगला."

त्या बाईनं तिथंच उभ्या उभ्या दोनदा करून पाहिला.

शेवटी वहिनींनी निवडली ती सगळ्यात साधी: जाड काळं रबर, वर खोल रेघा, कडा उंच, खालून अडकवायला हूक. आमच्या मॉडेलचीच. गाडीत तंतोतंत बसली, पेडलच्या वाटेत कुठंही आली नाही. पाणी मारलं की चिखल निघून जायचा. फक्त टाच अजून अधांतरीच.

"मॅट गाडीच्या मापाची येते, ताई," दुकानदार म्हणाला. "ड्रायव्हरच्या मापाची कोण बनवतं?"

* * *

बनवणारे आबा निघाले. आबा म्हणजे हौसामावशींचे यजमान. सुदुंबऱ्याच्या बाजूला एका रबराच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून आता घरी शेळ्या राखतात.

त्यांनी वहिनींना सीटवर बसवलं, मॅटवर खडूनं टाचेची खूण केली आणि मापाचा जाड रबरी तुकडा कापून तिथं पक्का ठोकला. टाच टेकली. वहिनींनी क्लच दाबला, सोडला, परत दाबला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"घरच्या उंबऱ्यावर पाय ठेवल्यावानी."

आबा हत्यारं गोळा करत हळूच म्हणाले, "आमच्या हिला सांगू नका. तिच्या इरोधात काम केलं म्हणंल. मला तिच्याच हातचं जेवायचं असतं."

* * *

बैठकीच्या दिवशी सकाळी हौसामावशी स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "मी बघते गाडी कशी चालती ती." मावशींचा गाडीतला प्रवास म्हणजे एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात लिंबू, आणि तोंडानं देवाचं नाव. मी मागं कॅनांजवळ बसले.

पाऊस होता. खिंडीच्या ऐन चढावर म्हशींचा कळप रस्त्यात आला. भरल्या गाडीला थांबणं भाग होतं. मी डोळे मिटून घेतले. म्हशी निवांत गेल्या. गाडी जागची हलली ती पुढंच.

दुपारी बैठक भरली. सगळ्या जणी मावशींच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मावशी, चढाला गाडी मागं आली का?" एकीनं विचारलं.

"मला काय ठावं? माझा डोळा लागलेला."

"चढावर?"

"व्हय. चढ सुरू झाला तवाच लागला."

मावशींनी पदर सावरला. "शालनच चालवंल. पण तिला कवा ताप आला, माहेरी जावं वाटलं, तर दुसरी कुणीतरी पायजे. बाईच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींच्या अंगणात गेले. आबा शेळ्या सोडत होते. मी चप्पल काढली, पाय पुढं केला आणि म्हटलं, "आबा, माझ्या टाचेचं माप घ्या."