सहा रिंगांचा अर्थ

२००५ च्या सुमाराला आमच्या देवबागच्या घरात एक आणि देवगडला मावशीकडे एक, असे दोन मोबाइल आले. दोन्ही मीच घेऊन दिले होते. मी तेव्हा मालवणात एका शाळेत मराठी शिकवत असे. आई आणि मावशी या दोघीच बहिणी. एक खाडीकाठी, दुसरी आंब्याच्या बागेत, आणि मध्ये दोन एसट्या. मोबाइल आल्यावर दोघी रोज बोलतील, असा माझा भाबडा समज होता. त्या एकदाही बोलल्या नाहीत. त्यांना मिस्ड कॉलचा शोध लागला.

"बोलाचा कित्याक?" आई म्हणाली. "एक रिंग दिली की समाजता, बरा आसा."

रिंग देणं म्हणजे एकदा वाजवून बंद करणं. सुरुवातीला एवढंच होतं. दिवेलागणीला मावशीची एक रिंग यायची, आई एक परत करायची आणि दोन्ही घरं खुशाल आहेत असं ठरायचं. मग त्यात भर पडत गेली. लागोपाठ दोन रिंगा म्हणजे तू पाठवलेले सुके बांगडे मिळाले. तीन म्हणजे घाईचं काम आहे. चार म्हणजे आंब्याची पेटी एसटीत ठेवली आहे, उतरवून घे. हळूहळू आईला रिंगेतला सूरही कळायला लागला.

"आज ती रागावली आसा," ती एकदा म्हणाली.

"कशावरून?"

"बघलंस नाय, रिंग कशी दिली ती?"

मी शाळेत मुलांना सारांशलेखन शिकवत होतो. इतका मजकूर इतक्या थोडक्यात बसवणारं मात्र मला दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आई मागल्या दारी मासे साफ करत असताना फोन वाजला आणि बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद. सहा वेळा.

आई हात तसेच ठेवून मला म्हणाली, "सहाचा काय ठरला नाय आमचा."

मी उलट फोन लावला. एकदा वाजला आणि आमच्याकडची रेंज गेली. माडाखाली जाऊन पुन्हा लावला तर पलीकडचा फोन व्यस्त. मावशीच्या घरचा साधा फोन आठवडाभर बंदच होता. तेवढ्यात आणखी चार रिंगा आल्या.

"तीन म्हणजे घाय," आई हिशेब करत म्हणाली. "सहा म्हणजे दोनदा घाय. चल."

मासे शेजारी देऊन आम्ही निघालो. मालवणला देवगडची गाडी मिळाली. गाडीतही रिंगा चालूच होत्या. आचऱ्यापर्यंत आमची अडचण अख्ख्या गाडीला कळली. मागच्या बाकावरच्या एका बाईंचं म्हणणं पडलं, की दोन रिंगा बांगड्याच्या आणि चार पेटीच्या असणार, मिळून सहा. त्यावर बराच विचार झाला. शेवटी कंडक्टर तिकिटांची पेटी बगलेत धरून म्हणाला, "काकी, वाजता हा तर उचलून इचारा ना."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मिस्ड कॉल उचलायचा असतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं. पुढची रिंग आल्याबरोबर मी फोन उचलला आणि आईच्या कानाला लावला. मावशी काही बोलेना. आधी नुसती खरखर ऐकू आली, मग लांबून एका पुरुषाचा आवाज. "हळू ठेव रे, हळू. दाब पडता नये." मग जरा थांबून, "ह्यो गेलो. बाजूक काढा ह्येका."

फोन बंद झाला. आईचा चेहरा उतरला.

"'ह्यो गेलो' म्हणालो तो," ती पुटपुटली. "म्हणजे बापयमाणूस."

त्या घरात पुरुषमाणूस एकच, मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका. आईनं पदर डोळ्यांना लावला. मागच्या बाईंनी तिला पाणी दिलं. देवगडला उतरताना कंडक्टरनं आमची पिशवी स्वतः खाली दिली.

बागेच्या फाटकातून आम्ही आत शिरलो, तर समोरून काका डोक्यावर रिकामा क्रेट घेऊन येत होते. आईनं त्यांना पाहिलं आणि मोठ्यानं रडू लागली. काकांनी क्रेट खाली ठेवला.

"काय झाला? कोण गेलो?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही," मी म्हणालो.

आवाज ऐकून मावशी पडवीत आली. आईला तशी रडताना बघून तीही रडू लागली. कुणाचं काय झालंय, हे न विचारताच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पडवीत आंबे भरणारे गडी हातातलं काम टाकून उभे राहिले.

उलगडा व्हायला बराच वेळ लागला. मावशी सकाळपासून पेटीत आंबे भरत होती आणि मोबाइल कनवटीला खोचलेला होता. ती वाकली की बटण दाबलं जाऊन आईला रिंग जायची, सरळ झाली की पुन्हा दाबलं जाऊन बंद व्हायची. गाडीत ऐकू आलेला आवाज एका गड्याचा होता आणि 'गेलेला' होता तो डाग पडलेला आंबा.

"आणि माझो फोन इलो तेव्हा?" आईनं विचारलं.

"एक रिंग इली," मावशी म्हणाली. "म्हटलां, तुमचा बरा आसा."

काका हसत हसत पायरीवर बसले. दोघी बहिणीही हसायला लागल्या. मग मावशी चहा टाकायला उठली आणि आईचं हसू तिथंच थांबलं. मावशी भिंतीला धरून, एक पाय ओढत चालली होती.

"पायाक काय झाला गो?"

"गुडघो. वर्ष झाला."

"वर्ष? आणि माका सांगूक नाय?"

मावशी दारात थांबली. "गुडघ्याक किती रिंगा द्यायच्या, तां खंय ठरला होता?"

आत जाऊन आईनं मावशीच्या हातातलं भांडं घेतलं आणि चहा स्वतः केला. दुपारी दोघी जेवायला बसल्या त्या चारपर्यंत उठल्या नाहीत. काकांनी आणि मी आमचं जेवण आम्हीच वाढून घेतलं. पाचच्या गाडीला निघताना आईनं मला एकट्यालाच निघायला सांगितलं. मावशीला डॉक्टरकडे न्यायचं तिनं ठरवलं होतं. "फुलझाडांक पाणी घाल," एवढीच सूचना दिली.

आई बारा दिवस राहिली. परत आली तेव्हा मावशीच्या गुडघ्याचा एक्स-रे, औषधांची नावं आणि सबंध बागेच्या भानगडी तिला पाठ होत्या. दिवेलागणीला नेहमीची एक रिंग सुरू झाली आणि आईनं फोन उचलला. पलीकडून मावशीचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला, "काय झाला गो?"

"काय होवक नाय," आई म्हणाली. "गुडघ्याक पट्टो बांधलंस?"

"बांधलंय."

फोनवर यापुढे काय बोलायचं असतं, हे दोघींनाही माहीत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "बरा, मगे आता तू काय रांधलंस तां सांग," आणि खुर्ची ओढून बसली.