कोंडण्याची मुदत

मोहाडीच्या कोंडवाड्याची किल्ली वीस वर्षं गोमाजींच्या कमरेला होती. कोणाच्या धानात शिरलेली गाय, बाजारात मोकाट फिरणारा गोऱ्हा, सगळे त्यांच्या ताब्यात यायचे. जनावर सोडताना ते आधी त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवत. त्याचं पिऊन झाल्यावरच फाटक उघडत, मालक कितीही घाईत असो. आत खिळ्याला गुरांच्या कायद्याची मराठी पुस्तिका टांगलेली असे. चौथी शिकलेले गोमाजी ती ओळीवर बोट ठेवून वाचत आणि न उमगलेल्या ओळीपाशी दिवसचे दिवस थांबून राहत.

१९७९ च्या उन्हाळ्यात धुरपता त्या फाटकाशी येऊन बसली. तिचा नवरा सेवकराम गावोगाव कंगवे-आरसे विकायचा. जन्म ब्रह्मदेशातला. तिथून हिंदुस्थानी लोकांना हाकललं तेव्हा तो एकाही कागदाशिवाय इकडे आला होता. कोणीतरी तक्रार केली आणि हुकूम निघाला : परदेशी इसम, देशाबाहेर पाठवीपर्यंत अटकेत ठेवावा. ब्रह्मदेशाने कळवलं, हा आमचा नाही. अटकेला एकोणीस महिने झाले होते.

"मामा, माह्या माणसाले कवा सोडतीन?"

"हुकमात काय लिवलं हाय?"

"पाठवीपर्यंत म्हणते."

"आन् पाठवून कोठी राहिले?"

"कोठीच नाही," धुरपता म्हणाली.

गोमाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी खिळ्यावरची पुस्तिका काढून त्यांनी धुरपतासोबत भंडाऱ्याची बस धरली.

पुंडलिकराव वकील पोट धरून हसले. "गोमाजी, माणसाले गुराचा कायदा लावता का? परदेशी लोकांच्या कायद्यात मुदत लिहिलीच नाही. मुदत नाही म्हणजे सरकारची मर्जी."

"हासा, वकीलसाहेब. पण सांगा, गाय कायले कोंडतो आपण? मालक यावा म्हणून. सात दिवसांत नाही आला तं ठाण्यात कळवतो, नोटीस लावतो, आखीन सात दिवस वाट पायतो, मंग लिलाव. मालक येतच नाही म्हणून तिले मरेपर्यंत कोंडून ठेवू का? याले देशाबाहेर धाडाच्यासाठी धरला. आता धाडणंच होत नाही, तं धरणं कायच्या भरोशावर हाय?"

वकिलांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी कागद पुढे ओढला.

तारखा पडत गेल्या. गोमाजी प्रत्येक तारखेला किल्ली शेजाऱ्याकडे देऊन कोर्टाच्या मागच्या बाकावर जाऊन बसत. सरकारी वकील एकच सांगत : कायदा मुदतीबद्दल गप्प आहे. शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी अर्जातला गुरांचा मजकूर दोनदा वाचला आणि हे कोणाचं म्हणणं, असं विचारलं. पुंडलिकरावांनी मागे बोट दाखवलं. गोमाजी उभे राहिले.

"कायदा करणारे मुदत लिहायला विसरले, असं म्हणता?"

"विसरले नसन जी. त्याहिले वाटलं असन, धाडाले काय, महिना-दोन महिने लागन. कोणताच मुलूख घेनार नाही असा माणूस त्याहिच्या ध्यानातच आला नसन."

कोर्टात कोणी हसलं नाही.

निकालात गुरांचा उल्लेख नव्हता. पण धरून ठेवण्याचा अधिकार पाठवण्यासाठी दिलेला आहे, आणि पाठवणं खरोखर शक्य असेल तोवरच तो टिकतो, असं लिहिलेलं होतं. सेवकरामला सोडावं, त्याने दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यावी.

तो सुटला त्या दुपारी तुरुंगाच्या फाटकाबाहेर गोमाजी उभे होते. मोहाडीहून बसमध्ये मांडीवर धरून आणलेली कोंडवाड्याची बादली त्यांनी समोरच्या नळावर भरली होती. घासूनपुसून लख्ख केलेली. सेवकराम बाहेर आला, उन्हाने डोळे मिटून घेत थांबला. गोमाजींनी बादली त्याच्या पायाशी ठेवली.

धुरपता रडता रडता हसली. "मामा, बैल होय का तो?"

"बैल असता तं कवाचाच सुटला असता, बाई."

सेवकराम खाली बसला आणि ओंजळीने पिऊ लागला. बादली अर्धी होईपर्यंत निघायची घाई कोणीच केली नाही.