खोक्यावरचा जी-एच

मी सातवीत असताना इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर वीस शब्द लिहून दिले. प्रत्येकात जी आणि एच शेजारी शेजारी बसलेले. बाई म्हणाल्या, "लिहायचे, पण म्हणायचे नाहीत." वर्गात खसखस पिकली. सुरतेतली आमची शाळा मराठी माध्यमाची. बहुतेकांचे आईवडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेले. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, शाळेत पुस्तकातली मराठी, हेच सांभाळताना आमची दमछाक व्हायची. त्यात ही मुकी अक्षरं.

शनिवारच्या चाचणीत मी कानाला लागलं तसं लिहून मोकळी झाले. नाइट म्हणजे एन-आय-टी-ई. वेट म्हणजे डब्ल्यू-ए-टी-ई. वीसपैकी तीन मिळाले आणि खाली लाल शाईत शेरा आला, पालकांची सही आणावी.

आबा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. लूमच्या खडखडाटात बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि नवागामच्या आमच्या खोलीला लागून दुसरी खोली, तिला लागून तिसरी. सगळ्यांना ऐकू जायचं. म्हणून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. माय नळावर गेलेली पाहून मी वही त्यांच्यापुढे धरली. न विचारता सही करतील असं वाटलं होतं.

आबा बराच वेळ पान बघत राहिले. प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ लिहिलेला होता. 'वजन' वाचून ते वेटवर बोट ठेवून म्हणाले, "हाई चुकेल शे."

"तुम्हाला काय माहीत?" मी चिडून म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात ठसठशीत मोठ्या लिपीत लिहिलं. डब्ल्यू, ई, आय, जी, एच, टी. खाली 'चमकदार' वाचून ब्राइटही लिहिला, जी-एचसकट.

"हाई कसं म्हनतस, माले माहीत नही," ते म्हणाले. "पन खोकावर आसंच ऱ्हास."

सुताची खोकी यायची त्यांवर वजनाच्या आकड्याआधी वेट छापलेलं असे. चमकदार सुताच्या खोक्यावर ब्राइट, मंद सुताच्या खोक्यावर दुसरंच काही. दोन्ही सुतं एकत्र लागली की कापडावर पट्टा पडतो आणि अख्खा ताका, म्हणजे ठाणच, बाद होतो. तो पडू नये म्हणून आबा वर्षानुवर्षं अक्षराला अक्षर जुळवून बघत आले होते. त्या शब्दाचा उच्चार त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "ब्राइट!"

"बाईक?"

नळावरून आलेली माय दारातूनच म्हणाली, "कानमा वरडू नको त्यासना. लिखी दाखाड."

तसं सुरू झालं. रोज संध्याकाळी मी पाच शब्द लिहायची. आबा एकेक शब्द नीट बघत, त्यावर तळहात ठेवत आणि शेजारी लिहून काढत. चौथ्या दिवशी वीसच्या वीस त्यांना येत होते. माझे दोन अडत होते.

बाईंनी मात्र वहीतली आबांची सही पाहून कपाळाला आठ्या घातल्या. लगोरीसारखी एकावर एक चढलेली अक्षरं ती. "ही तूच केलीस ना? वडिलांना घेऊन ये."

आबा दुसऱ्या पाळीला जाण्याआधी शाळेत आले. मी त्यांच्यापासून दोन पावलं लांब उभी राहिले. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, ही सही तुमचीच का?"

आबा त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "सातवीमा शे."

वर्ग फिदीफिदी हसला. मी मान वर केली नाही. क्षणभराने खडूचा आवाज आला. बाईंनी तोच प्रश्न फळ्यावर मराठीत लिहिला होता. आबांनी वाचला, मान हलवली, बाईंच्या हातातून खडू घेतला आणि खाली सही केली. तीच, लगोरीसारखी. बाईंनी समासातल्या शब्दांकडे बोट दाखवलं तेव्हा ते पुन्हा वळले आणि एकाखाली एक लिहीत गेले. वेट, ब्राइट, राइट, थॉट, हाय. वीसही शब्द, एकही चूक नाही. मागच्या बाकावरचं हसू केव्हाच थांबलं होतं.

मग बाईंनी त्यांच्यासाठी आमच्या यादीत नसलेला, पण जी-एचचाच एक शब्द लिहिला, पुढे मराठीत अर्थ लिहिला, मुलगी, आणि माझ्याकडे बोट केलं. आबांनी खिशातून पाळीची चिठ्ठी काढून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तो उतरवून घेतला.

ते गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. "त्यांना ऐकू येत नाही, हे मला का नाही सांगितलंस?"

मी फळ्याकडे बघितलं.

"लाज वाटली?"

मी मान डोलावली आणि रडू लागले. बाई रागावल्या नाहीत. फळा मात्र त्यांनी सुटीपर्यंत पुसू दिला नाही.

फेरचाचणीत मला सतरा मिळाले. बाईंच्या सांगण्यावरून आबांनी कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलं ते जपा. चार दिवस कापूस घालून ते लूमवर उभे राहिले, मग कंटाळून सोडून दिलं.

पण मी त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायला लागले. भाजी काय आणायची, शाळेत कोण पडलं, मला कुठली मैत्रीण आवडत नाही, काहीही. एका रविवारी धीर करून लिहिलं, "त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती."

आबांनी वाचलं. पाटी मांडीवर तशीच ठेवून म्हणाले, "माले माहीत व्हतं." मग मनगटाने ती ओळ पुसून त्यांनी पाटी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ती तुनी मैत्रीण, तिनासंगे कट्टी कशी काय झायी?"

मी सगळं लिहायला घेतलं. पाटी तीनदा भरली.