नुसते दांडे

परभणीला दगडफेक झाली आणि दुसऱ्या दिवशी पालमला माझ्या दुकानातले कुऱ्हाडीचे दांडे झपाट्याने जायला लागले. कुऱ्हाड एकही गेली नाही. शेतीची अवजारं विकण्यात माझे केस पिकले, पण असलं गिऱ्हाईक कधी पाहिलं नव्हतं. एरवी दांडा घ्यायला आलेला शेतकरी जीव खातो. एक डोळा मिटून बाक बघतो, गाठ शोधतो, कुऱ्हाडीच्या भोकात नीट बसेल ना म्हणून चारदा विचारतो. त्या दिवशी कुणी काही बघेना. हातात धरायचा, एकदा हवेत फिरवायचा आणि चालू लागायचं.

एसटी बंद होती. पोलीस सगळे परभणीकडे गेलेत, आता इथं कुणी वाली नाही, अशी बातमी उठली होती. खरी-खोटी कोण बघतो? एका गुरुजींनी तर ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मला ऐकवली आणि वर स्वतः दोन दांडे घेऊन गेले. एरवी हसलो असतो. पण लक्ष सगळं रस्त्याकडे होतं. शटर अर्धं खाली ओढायचो, पुन्हा वर करायचो.

दुपारी समोरचे टेलर मास्टर आले. माझ्या लेकीच्या लग्नातले सगळे ब्लाउज यांनीच शिवलेले. चहा रोज एकत्र. त्यांचा धर्म वेगळा, माझा वेगळा. इतक्या वर्षांत हे वाक्य लिहायची पाळी पहिल्यांदाच आली.

“अप्पा, एक दांडा द्या.”

“तुमाला कशाला मास्टर? गिऱ्हाईक लय तरास द्यायलेत का?” मी सवयीनं चेष्टा केली.

ते हसले नाहीत. “घरात दोन पोरी हायत. कुणी दार तोडाया लागलं तर काय कैची घेऊन उभा ऱ्हाऊ?”

काउंटरला टेकलेला एक जण हळूच पुटपुटला, “संपले म्हना की, अप्पा.” माझ्या पाठीमागे दांड्यांची चवड तशीच होती. मला त्याचा संताप आला. सकाळपासून कुणालाही देताना हात थांबला नव्हता, मग यांनाच देताना का थांबावा? मास्टरांचं दार तोडायला कोण आलं असतं? माझ्याच दुकानातून दांडा नेलेला कुणीतरी. आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. आज ना उद्या हा दांडा माझ्याच अंगावर आला तर?

तरी बाभळीचा एक सरळ, बिनगाठीचा निवडून दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला नाही. काखेत धरला आणि पायरीवर जाऊन थांबले.

“अप्पा, खरं सांगा. तुमी सोताच्या घरी किती ठेवले?”

त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती. सकाळीच बाजूला काढून घरी पाठवले होते.

“दोन,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पायरी चढून परत आत आले.

“मग मला अजून एक द्या.”